शुगरवाल्यांची पंगत

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबाजींच्या घरामागच्या संडासासमोर सात पाहुणे रांगेत उभे होते आणि यजमान मनोज आत होता. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आदल्या दुपारी हीच माणसं एकमेकांना आग्रह करकरून वाढत होती. आता "तुमी व्हा पुढं" एवढंही म्हणायची कोणाची तयारी नव्हती.

हेदवली हे कर्जतहून खोपोलीकडे जाताना आत वळल्यावर लागणारं गाव. आबाजी आणि चंद्राबाई तिथले जुने शेतकरी, आणि मनोज त्यांचा एकुलता एक मुलगा. रसायनीच्या एका कारखान्यात तो सेफ्टी ऑफिसर होता, आणि घरी आल्यावरही त्याची ड्युटी संपत नसे. कप फुटला तर तो कोणी फोडला, असं त्याने कधी विचारलं नाही. कप फुटण्यामागचं मूळ कारण काय, असं विचारायचा, आणि ते सापडेपर्यंत कोणाला चहा मिळत नसे. अशा माणसाच्या मुलीच्या बारशाला तीस माणसं जेवावीत आणि त्यातली पंचवीस आडवी व्हावीत, याला काय म्हणावं?

नऊच्या सुमारास गावची आशा कार्यकर्ती भागी मीठसाखरेची पाकिटं घेऊन आली. तिने सगळ्यांना पाणी पाजलं, कोणाला दवाखान्यात हलवायची गरज नाही म्हणाली, आणि पिशवीतून एक कागद काढला.

"डॉक्टरांनी सांगितलंय, काय खाल्ल्यानं झालं ते संध्याकाळच्या आत लिवून द्या. पंचवीस मानसं म्हंजे वर कळवाया लागतं."

"अंदाजाने काही लिहायचं नाही," मनोज भिंतीचा आधार घेत म्हणाला. "मूळ कारण शोधून लिहायचं. मी शोधतो."

त्याने बारशाचा फ्लेक्स उतरवला, उलटा करून पडवीत टांगला आणि मागच्या पांढऱ्या बाजूवर मार्करने रकाने आखले. उभी माणसांची नावं, आडवे पदार्थ: पुरी, बटाट्याची भाजी, उसळ, मसालेभात, सांदण.

यातलं सांदण तेवढं बाहेरचं होतं, म्हणजे तीन घरं सोडून राहणाऱ्या जुबेदाने केलेलं. तांदळाच्या रव्याचं वाफवलेलं मऊ, गोड सांदण आणि वर नारळाचं दूध. तिच्या हातचं सांदण एकदा खाल्लेला माणूस दुसऱ्या खेपेला वाटी मोठी घेऊन बसे. नम्रताचा, म्हणजे मनोजच्या बायकोचा, मामेभाऊ प्रवीण माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाकघर सांभाळायचा. बारशाच्या पंगतीत तीन सांदणं संपवून तो म्हणाला होता, "भाभी, दर शनिवारी दीडशे लागतील. उद्याच मालकाला फोन करतो." रात्री जुबेदाने नवऱ्याशी, इद्रिसशी, सगळं ठरवूनही टाकलं: त्याच्या टेंपोने माल गाड्या थांबतात त्या दस्तुरीपर्यंत न्यायचा आणि पुढे घोड्यावर चढवायचा. दोन वर्षं दारोदार सांदण विकणाऱ्या बाईला पहिल्यांदा कोणीतरी 'दर शनिवारी' म्हणालं होतं. आज तोच प्रवीण पडवीतल्या खाटेवर कपाळावर ओला रुमाल ठेवून पडला होता. फोन छातीवर होता, पण लावलेला नव्हता.

"पुरी," मनोजने सुरुवात केली. "प्रवीण, पुरी खाल्लीस?"

"तेलकट खात नाही मी."

"आणि तरी आजारी. पुरी निर्दोष." त्याने फुली मारली. "उसळ?"

"वाटाण्यानं मला ग्यास व्हतो," कोपऱ्यातून शेजारचा पोशा कण्हला. "मी शिवलो पन नाय."

"उसळ निर्दोष."

भाताला आणि बटाट्यालाही असेच साक्षीदार मिळाले. सांदण मात्र पंचवीसच्या पंचवीस जणांनी खाल्लं होतं, त्यातल्या चौघांनी मागून घेऊन. मनोजने त्या रकान्याभोवती लाल गोल काढला. "हे अर्धं काम झालं," असं म्हणून तो घाईघाईने मागल्या दारी गेला आणि दहा मिनिटांनी परत आला. "आता उरलेलं अर्धं. जे धड आहेत, त्यांनी काय खाल्लं नाही?"

धड असणाऱ्यांत ठळक होती ती शुगरवाल्यांची पंगत. आबाजी, त्यांचा दोस्त भिवाजी आणि शेजारच्या विमलबाई या तिघांना चंद्राबाईने भिंतीकडेला वेगळं बसवलं होतं. नाचणीची भाकरी, दोडक्याची भाजी आणि घोटभर पाणी. गोडाचा थेंब त्या बाजूला जाऊ नये म्हणून ती स्वतः पळी घेऊन मध्ये उभी होती. तीन वर्षांपूर्वी आबाजींची साखर तीनशेच्या वर गेली, तेव्हा चंद्राबाई म्हणाली होती, "तुमाला गोड बंद, तर मला पन बंद." तेव्हापासून तिने प्रसादाचा शिरासुद्धा हातात घेऊन दुसऱ्याला दिला. गावातल्या सासवा सुनांना हा दाखला द्यायच्या, आणि सुना ऐकून घ्यायच्या.

"बघा," मनोज म्हणाला. "सांदण न खाणारे तिघं ठणठणीत. दोन्ही बाजू जुळल्या."

"सांदनानं नाय झालं," चंद्राबाई आतून म्हणाली.

"कशावरून?"

"जुबेदाचा हात मला ठाव हाय."

"आई, हाताला पुरावा म्हणत नाहीत. तू तरी कुठे खाल्लंस? दिवसभर वाढत होतीस. म्हणजे तू यादीतून बाहेर. नम्रता बाळंतीण, तिचं ताट वेगळं. तीही बाहेर."

"मी सांगते ते ऐक. सांदनानं नाय झालं."

"भावनेचं काम नाही गं हे."

तेवढ्यात आजाऱ्यांसाठी पेजेचं पातेलं घेऊन जुबेदाच पायरी चढली. तिला लाल गोल दिसला. पातेलं खाली ठेवून ती तशीच उभी राहिली.

"नारळ सकाळीच फोडले होते," ती म्हणाली. "दूध उन्हात ठेवलं नव्हतं."

"भाभी, तुमच्यावर राग नाही," मनोज खरोखरच ओशाळून म्हणाला. "पण खाल्लं ते आजारी, नाही खाल्लं ते धड. तुम्हीच सांगा, यात चूक कुठे आहे?"

जुबेदाने आबाजींकडे पाहिलं. आबाजी छपराची कौलं बघत होते.

"नाय," ती हळूच म्हणाली. "चूक कसली."

"भाभी, मालकाच्या फोनचं जरा नंतर बघू या," खाटेवरून प्रवीण म्हणाला. जुबेदा पायरीवर बसली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. भागीने पेन मनोजच्या हातात दिलं.

आबाजींना मात्र आता कौलांकडे बघत राहणं जड जाऊ लागलं. काल पंगती बसायच्या आधी मागल्या दाराने याच जुबेदाने त्यांना स्टीलचा एक डबा दिला होता, नारळाच्या दुधाच्या बाटलीसकट. आठ दिवस तिच्या मागे लागून त्यांनी तो मिळवला होता. "काकींना कळलं तर?" तिने विचारलं होतं. "तू सांगितलंस तर कळंल. आन हाय तुला," असं ते म्हणाले होते. आणि ही बाई आण पाळत बसली होती. एका वाक्यात ती सुटली असती, पण काकाला दिलेला शब्द मोडायला नको म्हणून दर शनिवारची दीडशे सांदणं पाण्यात जाऊ देत होती.

ते वाक्य आता आबाजींनी बोलायला हवं होतं. बायकोच्या रागाला ते भीत नव्हते. राग चाळीस वर्षांच्या ओळखीचा होता. भीती ही होती की ती रडेल. आपल्यासाठी जिने तीन वर्षं जिभेवर साखर ठेवली नाही, तिला कसं सांगायचं?

मनोजने कागदावर 'सां' लिहिलं.

"मन्या," आबाजी म्हणाले, "माज्या नावाम्होरं खून कर."

"कसली?"

"सांदनाच्या रकान्यात. चार."

चंद्राबाई दारात आली.

"आणि नारळाचं दूध?" मनोजने विचारलं. बाप असला तरी तपासणी ती तपासणी.

"बाटली तोंडाला लावली."

"आणि पोट?"

"सकाळी एकदा गेलो. रोजच्यासारखा."

"ही जुबेदा माज्यापाई गप बसली रं," आबाजी म्हणाले. "लाज वाटाया पायजे मला. वाटते पन."

चंद्राबाईने तोंड फिरवलं. तेवढ्यात आतून बाळाला खांद्यावर घेऊन नम्रता आली.

"माझीही दोन लिहा. बाबांनी डबा पाळण्याखाली लपवला होता, मला दोन दिली."

"अगं, तू बाळंतीण ना?"

"बारा दिवस बाजरी आणि लसूण खाऊन बघा, मग बोला."

"माजी पन दोन," भिवाजीने बसल्या जागेवरून बोट वर केलं. विमलबाईंनी तोंडाला पदर लावून दोन बोटं दाखवली.

मनोज फ्लेक्ससमोर मटकन बसला. जी माणसं सांदण न खाल्ल्यामुळे धड होती, ती सांदण खाऊनच धड होती. कारखान्यात आठ वर्षांत असं झालं नव्हतं.

"मग आजारी कशाने पडले सगळे?"

"आम्ही काय घेतलं नाही ते बघा ना," नम्रता म्हणाली. "मला थंड चालत नाही म्हणून, आणि बाबांच्या पंगतीला साखर चालत नाही म्हणून."

"तसं काय आहे?"

"कोकम सरबत."

"ते मी केलं होतं."

"म्हणून तर त्याचा रकाना नाही."

सगळ्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं. खरंच नव्हता.

"कोकम आपल्या घरचं," मनोज म्हणाला. "पाणी उकळलेलं. साखर नवी. उरला तो फक्त बर्फ." इथे तो थांबला. मग त्याने इद्रिसला फोन लावला आणि सवयीने स्पीकर चालू केला. नंतर त्याला त्याचा पश्चात्ताप झाला.

"इद्रिसभाई, काल आपण टेंपोतून तो बर्फ आणला..."

"मासळीबाजारातला?" खोपोलीच्या रस्त्यावरचे हॉर्न पडवीभर ऐकू आले. "तेव्हाच तुला बोललो होतो, हा पापलेटाखालचा बर्फ आहे, खायचा नव्हे. तू काय म्हणालास? गोठलं की जंतू मरतात. मी म्हटलं, हा सेफ्टी ऑफिसर, मी टेंपोवाला. गप्प बसलो. वर एक ग्लास प्यायलोही, तुझा मान म्हणून. सकाळपासून चौथा पेट्रोलपंप आहे हा माझा. ठेवतो."

पोशा कण्हत कण्हत हसला आणि मग सगळी पडवीच पोट धरून हसायला लागली. दोघांना हसता हसता मागल्या दारी पळावं लागलं. मनोजने कागदावरचं 'सां' खोडलं आणि मूळ कारणापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं: मनोज.

"नाव नाय लिवायचं, पदार्थ लिवा," भागी म्हणाली. तेव्हा त्याने 'मासळीचा बर्फ' लिहिलं आणि खाली सही केली. मग जुबेदासमोर जाऊन तो म्हणाला, "भाभी, चुकलो."

"असू दे रे," जुबेदा म्हणाली, पण ओढणीने डोळे पुसून म्हणाली. तोपर्यंत खाटेवर प्रवीणने फोन कानाला लावला होता.

"हो सर, येत्या शनिवारपासून. दीडशे. नाही नाही, तपासून घेतलंय. चार माणसांवर."

सगळं सुरळीत झालं, फक्त आबाजींचं काही खरं नव्हतं. चंद्राबाईने अजून त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. ती आत गेली आणि घासूनपुसून लख्ख केलेला स्टीलचा डबा आणून तिने जुबेदाच्या हातात ठेवला.

"चंद्रे, चुकलं माजं," आबाजी म्हणाले. "तू माज्यापाई गोड सोडलंस, आन मी..."

"किती सांदणं होती भाभी या डब्यात?" मध्येच मनोजने विचारलं. रकाना अर्धवट ठेवून उठणं त्याला जमत नसे.

"बारा. मोजून भरली होती."

"बाबा चार, नम्रता दोन, भिवाजीकाका दोन, विमलमावशी दोन." मनोजने बोटांवर मोजलं. "दहा. बाकीची दोन?"

"मी चारच," आबाजी म्हणाले. "नातीची आन."

मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की पाळण्याखालचा तो डबा कोणीतरी शोधून काढला होता, रिकामा करून घासला होता, आणि सकाळपासून तीच बाई सांदणाने काही झालं नाही असं छातीठोकपणे सांगत होती.

चंद्राबाईने पदर सारखा केला. "पाळन्याखाली केर काडाया गेले व्हते," ती म्हणाली. "मीठ बराबर हाय का बघाया नको?"

"सांदणात मीठ?" नम्रताने विचारलं.

"तू गप बस गं."

आबाजी बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. तीन वर्षांचं ओझं त्यांच्या डोक्यावरून उतरलं होतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मन्या," ते म्हणाले, "हिच्या नावाम्होरं पन खून कर. दोन."

पुढच्या शनिवारी दीडशे सांदणं माथेरानला गेली. जाता जाता जुबेदाने एक छोटा डबा आबाजींकडे दिला, पुढच्या दाराने, सगळ्यांसमोर. त्यात एकच सांदण होतं. चंद्राबाईने ते सुरीने मधोमध कापलं, दोघांनी पडवीत समोरासमोर बसून खाल्लं, आणि रस्त्याने जाणाऱ्या पोशाने काय चाललंय म्हणून विचारलं तेव्हा आबाजींनी तपासणी चालू आहे असं सांगितलं.