सकाळी सहाची हवा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत बावीस गाड्या आहेत. त्यातली एकही परबकाकांची नाही. तरी कुठल्या गाडीच्या टायरात किती हवा आहे, हे मालकापेक्षा परबकाकांना जास्त ठाऊक. हवा मोजायचा गेज चष्म्याच्या जुन्या डबीत घालून हा सत्तरीचा माणूस उन्हाळाभर सकाळी सहाला पार्किंगमध्ये उकिडवा बसलेला असतो.

सहालाच का? तर "हवा थंड टायराची बघूची, झिला. गाडी उन्हातून इली की आकडो वाढता, तो खरो न्हय."

एकदा भर दुपारी पंपावर माझ्या टायरांचा आकडा जास्त दिसला, तर मी हवा कमी करून आलो आणि वर मोठ्या तोऱ्यात काकांना सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक. "काढलंस? तापल्या टायरातली?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सहाला बेल. डोळे चोळत खाली गेलो, तर काका पायपंप घेऊन उभे. मोजली तर चारही टायरांत हवा कमी निघाली. घामाघूम होऊन स्वतः भरून दिली. मी मनात म्हटलं, काय वैताग आहे यार! एवढी हौस आहे तर स्वतःची गाडी घ्या ना!

मग मे महिन्यात एकदा परबकाकू माझ्याकडे आल्या. त्या काठी घेऊन चालतात.

"तू कणकवलीला निघालायस ना? आम्हाला कुडाळला सोडशील? भाचीचं लग्न आहे रे. रेल्वेचं वेटिंग काही सरकत नाही, आणि हे रस्त्याने जाऊ देत नाहीत."

"का?"

"आमची गाडी होती पूर्वी. असंच ऊन होतं, वाटेत आकडा जास्त दिसला म्हणून यांनी हवा काढायला लावली. कमी हवेवर टायर आणखी तापला नि पुढे फुटला. माझा पाय कायमचा अधू झाला. मी एका शब्दाने बोलले नाही कधी, पण यांच्या मनातून जातच नाही. चौदा वर्षं झाली, लग्नसराईत रेल्वे मिळत नाही नि रस्ता बंद; माहेरच्या एकाही कार्याला गेले नाही मी. या वेळी जायचंच आहे मला."

मला माझ्या तोऱ्याची भयंकर लाज वाटली.

काका तीन दिवस नाहीच म्हणाले. चौथ्या दिवशी पहाटेच खाली आले, माझे टायर दोनदा मोजले, स्टेपनीसुद्धा, आणि गुपचूप मागे काकूंच्या शेजारी बसले. डबी मांडीवर.

वडखळच्या ट्रॅफिकच्या कृपेने माणगावलाच दुपार झाली. पंपावर पेट्रोल भरतोय तोवर हवावाल्याने न विचारताच टायरला नळी लावली.

"साहेब, सदतीस दाखवतंय. थोडी काढू?"

"हात लावू नको!"

काका एवढ्या जोरात ओरडले की अख्खा पंप वळून बघायला लागला. हवावाला बिचारा नळी टाकून मागे सरला. काका दार उघडून धडपडत टायरपाशी गेले आणि खालीच बसले.

काकू काठी न घेताच उतरल्या. गाडीला धरत धरत त्यांच्यापर्यंत गेल्या.

"तेव्हा असाच बोलाक होया होता, गो," काका म्हणाले आणि रडायला लागले.

"आज बोललात ना," काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उठा आता. मला लग्नाला जायचंय."

महाडच्या पुढे आरशात बघितलं. काकांचं डोकं काकूंच्या खांद्यावर, आणि डबी काकूंच्या हातात.

"सावकाश घे रे," काकू हळूच म्हणाल्या. "झोपलेत."