उरकुडे काकांचं वायूक

दिवेलागणीच्या सुमारास उरकुडे काका आमच्या परसात येत, तुळशीपाशी चपला काढत, आणि त्यांनीच लावलेल्या वेलावरच्या, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्यांची तोंडं लाल दोऱ्याने बांधून निघून जात. येताना हाक नाही, जाताना निरोप नाही. गाठ मात्र इतकी हलकी, जणू निजलेल्या तान्ह्याच्या मनगटात कुणी मणी बांधावा.

पहिल्या दिवशी त्यांना येताना-जाताना कुणीच पाहिलं नाही. सकाळी माझ्या सासूबाईंना दिसल्या त्या नुसत्या गाठी.

“अवं सूनबाई, लवकर ये! आपल्या वेलावर कोनंतरी करनी केली!”

मी पदर सावरत बाहेर येईपर्यंत त्यांनी वेलावरून मीठ-मोहऱ्या उतरवून बुंध्याशी टाकल्याही होत्या. तेवढ्यात फाटक करकरलं आणि पऱ्हाटीसारख्या वाळक्या अंगकाठीचे काका आत आले. बुंध्याकडे पाहताच ते मटकन खालीच बसले.

“मीठ कोनं टाकलं अथी? वेल मरन नं, माय!”

“घ्या! करनी करनाराच इचारते मले, मीठ काऊन टाकलं!”

काकांनी मिठाचा खडान् खडा वेचला, मग एका कळीचा दोरा सोडला, दुसरं फूल देठासकट खुडलं, पाकळ्या मागे सारल्या आणि त्याचा परागाने पिवळा झालेला गाभा पहिल्या फुलाच्या गाभ्याला टेकवला. पुन्हा गाठ बांधली. सासूबाईंनी संकोचाने मान फिरवली.

“लगन लावून राह्यलो, माय,” काका म्हणाले. “बिनबुलाये वऱ्हाडी आत घुसू नये म्हून दार लावून घेतलं होतं.”

हे बिनबुलाये वऱ्हाडी म्हणजे मधमाश्या. त्यांच्याशी काकांचं जे वैर होतं, ते समजण्यासाठी आमच्या परसबाग मंडळाची थोडी ओळख व्हायला हवी.

मी महाविद्यालयात कविता शिकवली. ‘मृद्गंध’ हा शब्द फळ्यावर लिहिताना माझ्या बोटांना गंध यायचा तो खडूचा. म्हणून सावंगीच्या वाटेवर, वस्ती संपते तिथे घर बांधलं, तेव्हा सर्वांत आधी मी मंडळाची सभासद झाले. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी अंगणात बैठक भरे. गूळ, बेसन, शेण आणि गोमूत्र एकत्र आंबवून केलेल्या जीवामृताचा तो आंबटगोड, किंचित मादक दरवळ. मोगऱ्याच्या आळ्यातून येणारी ओल. आणि या सगळ्यावर तरंगणारा आल्याच्या चहाचा वास. पहिल्याच बैठकीत मला वाटलं, इतकी वर्षं मी केवळ शब्दांचाच वास घेत आले होते.

उरकुडे काका म्हणजे या बैठकीचा आवाज. बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्यात त्यांची नोकरी गेली होती आणि निवृत्तीनंतरही ध्वनिक्षेपक त्यांच्या गळ्यातच राहिला होता.

“कृपया लक्ष द्या! ढोले मॅडमची भेंडी फलाटावर लागली हाये. दोडका अर्धा घंटा उशिरानं धावून राह्यला. सावंगी रोडवरून येणारं कारलं मावा पडल्यामुळं रद्द करन्यात आलं हाये!”

रद्द झालेलं कारलं माझं असे.

मंडळाच्या अध्यक्षा ढोले मॅडम शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांची शिस्त आळ्यातल्या गांडुळांनाही ठाऊक होती. “उरकुडे, बसा खाली,” त्या म्हणायच्या.

“मॅडम, निस्ता हात दाखवला असता तरी थांबलो असतो.”

एकदा बैठक आटोपल्यावर, पेले विसळता विसळता काकांनी मला आपल्या गावाविषयी सांगितलं. वर्धा नदीकाठचं बोरझरी. धरणाच्या पाण्यात गेलेलं. “जिल्ह्यातल्या साऱ्या गावाईची नावं मी घेतली, ताई. देवळी घ्या, जाम घ्या. पन बोरझरी म्हनताना आवाज जरा उंचच लागे. मंग गाव उठलं, पाटी निघाली. दुसऱ्या दिवशी सवयीनं बोलून गेलो, बोरझरी गाडी लागली हाये. बाकावरून एक मानूस उठला नाई.”

पेला आधीच स्वच्छ झाला होता. तरी ते तो विसळत राहिले.

गाव उठताना लोकांनी दारं नेली, चौकटी नेल्या, देव नेले. काकांनी नेल्या वाळकाच्या बिया. काकडी आणि खरबूज यांच्या मधलं हे रानवट फळ. काकांच्या जिभेवर त्याचं ‘वायूक’ होई. बोरझरीचं वायूक म्हणे उन्हाळ्यात नदी आटली की वाळूतल्या वाड्यांमध्ये लागायचं. पिकलं की साल आपसूक उकले, आणि वास असा येई, की वाडीत शिरलेल्या पोराला कोणत्या वेलाखाली फळ आहे ते डोळे मिटूनही कळावं. “गोड नाई, ताई. गोडाच्या जरा अलीकडं थांबलेलं.” काव्यशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात मला यापेक्षा नेमकं रसवर्णन आढळलं नाही.

ज्याच्यावर जीव असतो ते माणूस लपवून तरी ठेवतं किंवा वाटून तरी टाकतं. काकांनी वाटलं. मंडळातल्या प्रत्येकाच्या ओंजळीत त्यांनी बोरझरीच्या बिया घातल्या. आम्ही त्या भक्तिभावाने पेरल्या, आणि पेरल्या त्या नेमक्या आपापल्या खरबुजाच्या शेजारी. मांडव तयार होता, आळं तयार होतं. काकांच्या अंगणात तेच, त्यांच्या कुंपणापलीकडे तर खरबुजाचा नुसता सुकाळ. मधमाश्यांना कुंपण कळत नाही. त्या या फुलावरून त्या फुलावर गेल्या, आणि एका मोसमात बोरझरी घराघरांत विरघळून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात, त्या फळांच्या बियांचे वेल फळले तेव्हा, काका दारोदार फिरून फळं चाखू लागले. हुंगायचे, फोड जिभेवर ठेवायचे आणि मान हलवायचे. “हे नाई.”

ढोले मॅडम दुखावल्या. “अहो, पण किती गोड आहे!”

“म्हूनच नाई, मॅडम. हे तुमच्या खरबुजाचं लेकरू हाये. नाक पाहा नं त्याचं!”

आम्ही सगळे हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी फोड संपवली, कारण अन्न टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि पुढच्या घराची वाट धरली.

जुन्या, गावाहून आलेल्या बियांपैकी चिमूटभरच आता उरल्या होत्या. त्या उगवल्या नाहीत किंवा पुन्हा मिसळल्या, तर बोरझरीचं काहीच शिल्लक राहणार नव्हतं. माझं घर वस्तीच्या टोकाला, जवळपास कुणाचं खरबूज नाही, आणि माझं मी त्या वर्षी लावलंच नाही. म्हणून त्या पेरायला त्यांनी माझं परस निवडलं. तरीही मधमाश्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून तो लाल दोरा.

वेल वाढला. सासूबाईंचा रागही हळूहळू उतरला. सकाळी त्या स्वतःच गाठी तपासू लागल्या आणि मला बातम्या देऊ लागल्या. “एकीचं जमलं वाट्टे. पोट दिसून राह्यलं.” चैत्राचं ऊन भाजू लागलं तेव्हा त्या पाठीवर ओलं गोणपाट घेऊन वेलापाशी बसत, आणि पानांच्या खरखरीत, हिरव्या वासात दोन फळं पिवळी होत गेली. एका दुपारी वाऱ्याच्या झुळकेबरोबर असा वास घरात आला, की मी हातातलं पुस्तक मिटलं.

त्या महिन्याची बैठक माझ्याकडेच भरली. त्या दिवशी काकांनी एकही घोषणा केली नाही. फळ उकललं होतं. सुरी लावावीच लागली नाही. आत फिकट, ओलसर, रवाळ गर. त्यांनी फोड उचलली, हुंगली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. आम्ही सारे त्यांच्या गळ्याच्या घाटीकडे पाहत होतो.

“काका, तेच का?” मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले, दुसरी फोड हुंगली. मग म्हणाले, “सांगता नाई येत.”

“म्हणजे?”

“आठवून आठवून चव घासल्या गेली, ताई. हे तेच हाये, का तेच असावं असं मले वाटून राह्यलं, समजत नाई. इचारू कोनाले?”

ढोले मॅडमनी चहाचा पेला खाली ठेवला. “गावाकडचं कुणी असेल ना?” त्या आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या असाव्यात.

“बाई हाये. थोरली बहीन. नाचनगावले राह्यते, पोराजवळ.”

“मग जा ना तिच्याकडे.”

“भेव लागते, मॅडम. तिनं नाई म्हनलं तं मंग काईच नाई राह्यत.”

उरलेलं फळ ओल्या फडक्यात गुंडाळून मी त्यांच्यासोबत निघाले. त्यांना एकट्याला पाठवू नकोस, असं सासूबाईंनी मला बजावलं होतं. गाडीभर त्या फळाचा वास होता. पुढच्या बाकावरची बाई वळून वळून पाहत होती. काका खिडकीबाहेर पाहत होते, दोन्ही तळवे फडक्यावर ठेवून, जणू आत काही श्वास घेत होतं.

बहीण कडुनिंबाखाली बाजेवर बसली होती. दृष्टी जवळजवळ गेलेली, हाडं हलकी, आवाज मात्र खणखणीत. तो खणखणीतपणा त्या घराण्याचाच असावा.

“कोन, नाम्या? इतक्या उन्हात काऊन आला रे? अन् हे संगं कोन?”

“आमच्या मंडळातल्या ताई हायेत.”

“बस माय. हा जेवून येते का नाई कोठी? वाळून गेला पार. आवाजावरून समजते मले.”

काकांनी काहीच सांगितलं नाही. गाव नाही, फळाचं नाव नाही. फडकं सोडलं, एक फोड काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

तिने फोड नाकाशी नेली. तोंडात घातली नाही. सुरकुत्यांनी भरलेला तो चेहरा आधी थांबला आणि मग एकदम कठोर झाला.

“हे सदाच्या वाडीतलं हाये.”

काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

“नाम्या, मी तुयाशी बोलून राह्यली. सदाच्या वाडीत गेलता का तू? त्याले न इचारता तोडाचं नाई म्हनलं होतं नं मी?”

पिकल्या केसांचा तो माणूस बाजेच्या कडेला अपराधी पोरासारखा उभा होता. आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसण्याचंही त्याला सुचत नव्हतं. सदाभाऊ गाव उठण्याच्या आधीच वारले होते, त्यांच्या वाडीची वाळू कधीची पाण्याच्या तळाशी होती. हे मला काकांनी परतताना सांगितलं.

“इचारलं, बाई,” काका म्हणाले. “त्यानंच तोडून देल्लं. म्हने, बाईले नेऊन दे.”

“मंग ठीक हाये.” तिने फोड तोंडात घातली, सावकाश चघळली, आणि हाताने चाचपत दुसरी फोड शोधून भावापुढे धरली. “घे, तूबी खाय. बरा हाये नं सदा?”

“बरा हाये,” काका म्हणाले. “तुयी आठवन करून राह्यला होता.”