नमुन्यास सावली वर्ज्य

माणसाला फुकट मिळालेल्या गोष्टीचे मोल कळत नाही. म्हणून ती घड्याळ लावून, शिस्तीत द्यावी लागते. हे सत्य ओळखून १९३१ साली डॉक्टर टिपणीस यांनी मांडव्याच्या किनाऱ्यावर ‘सूर्यकिरण आरोग्यभवन’ काढले. उन्हात जांभळ्यापलीकडचे काही किरण असतात. ते दिसत नाहीत, पण कातडीत शिरून हाडांना लागणारे जीवनसत्त्व तयार करतात आणि पोरांचा मुडदूस पळवतात. हे सारे खरे होते. (डॉक्टर खोटे कधी बोलत नसत, फक्त अर्ध्यावर थांबत.)

पहिल्या दिवशी नुसती पावले, पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत, दहा मिनिटे. डोळ्यांना काळा चष्मा, डोक्यावर हिरवी छत्री, वेळ संपली की घंटा. मिनिटभर जास्त झाले तर कातडी सोलते, म्हणून घंटा वाजवणाऱ्या दादूवर लक्ष ठेवायला आणखी एक इसम नेमला होता.

मुंबईची मंडळी तरी शंका काढीतच. तेव्हा डॉक्टरांना शेजारच्या मिठागरावरचा काळूराम सापडला. तीस वर्षे, वर्षाला आठ महिने, रोज नऊ तास हा गृहस्थ उघड्या अंगाने मीठ ओढत होता. वरून ऊन, आणि खालून पांढऱ्या मिठावरून उसळलेले ऊन, असा दुहेरी लाभ. रोग्याला सबंध मुक्कामात एकवीस तास सूर्य मिळे, काळूरामला आजवर सुमारे पासष्ट हजार तास मिळाला होता. (सुट्ट्या वजा केल्या नाहीत, कारण त्या नव्हत्या.) त्रैराशिकाने तो हिंदुस्थानातला सर्वांत निरोगी माणूस ठरला.

त्याची ‘आरोग्याचा नमुना’ या जागेवर नेमणूक झाली. काम सोपे : लंगोटी लावून दहा ते चार चौथऱ्यावर उभे राहणे. शेजारी रंगीत पाटी, ‘सूर्याचा प्रसाद’. अट एकच : नमुन्यास सावली वर्ज्य. काळूराम खूश झाला. खाऱ्या पाण्याने पायांना पडलेल्या भेगा बुजू लागल्या, आणि माणसे लांबून बघायला येत, हेही त्याला मनापासून आवडे.

अडचण चेहऱ्याची होती. नाकावरचा फोड दोन पावसाळे बरा होत नव्हता आणि डाव्या डोळ्यात कोपऱ्यातून वडस वाढत होता.

“आता बुबुलावर आला बगा तो पडदा,” बायको सोनूबाई म्हणाली. “डोला जाईल तवा बोलनार काय?”

त्याला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांपुढे उभा राहिला. “सायेब, डोल्यात वालू गेल्यावानी होतंय. डोक्यावर चार झापं टाकली तर लय उपकार होतील.”

“काळूराम,” डॉक्टर मायेने म्हणाले, “तूच सावलीत गेलास तर लोकांनी सूर्यावर विश्वास कसा ठेवायचा?”

सावलीच्या विनंतीवर उपसमिती बसली. (बैठक व्हरांड्यात, पंख्याखाली.) फोडाचे कारण विडी आणि वडसाचे कारण चुलीचा धूर, असे एकमताने ठरले. अहवालात ‘प्रकृती उत्तम (डोळा व नाक वगळून)’ असा शेरा पडला. नाक पाहून पाहुण्यांची भूक मरते, म्हणून नमुन्याने तोंड समुद्राकडे करावे, असाही ठराव झाला. पाठ खरोखरच देखणी होती. त्या दिवसापासून काळूराम चकाकत्या पाण्याकडे बघत उभा राहू लागला.

चैत्रात मात्र व्यवस्थापनाच्या लक्षात एक गंभीर बाब आली : उन्हाने पाटीचा रंग उडत होता. ‘सूर्याचा’ एवढे वाचता येई, ‘प्रसाद’ गेला होता. तातडीने माणगावहून बांबू आले, नारळाची झापे आली आणि दोन दिवसांत पाटीवर छप्पर चढले.

“पाटीला छपर, आन् मानसाला?” सोनूबाई म्हणाली. तोवर काळूरामचा डावा डोळा पुरता गेला होता, आणि उरलेला एक वाचवण्यासाठी दुपारी तो हळूच डोके तेवढे पाटीच्या सावलीत सारू लागला.

चौथ्या दिवशी एका पाहुण्याने लेखी तक्रार केली की नमुना कामचुकार आहे. काळूरामला त्याच संध्याकाळी पुन्हा मिठागरावर पाठवले. तक्रार करणाऱ्याचे नाव संस्थेने गुप्त ठेवले आहे; तरी आपल्या घराण्यातले कोणी त्या साली मांडव्याला हवापालटासाठी गेले होते काय, याची वाचकांनी घरी चौकशी करावी. हाडे उत्तम असतील.