काळ्या बैलावरची दुसरी रेघ

त्या संध्याकाळी आमी दोघं बैलाच्या अंगावर खडूनं रेघा ओढून राह्यलो होतो. म्हणजे ओढत होते मास्तर. मी वेसण धरून उभा. चुलीपाशून माही बायको वरडली, "मास्तर, बैल हाये तो, पाटी नोहे. सकाळी धुवून टाका, नाहीतर भाकर बंद."

"वैनी, दुसरी रेघ सापडली. उजेड सरला, सकाळी वहीत उतरवून घेतो."

"रेघ खाता का मंग?"

"धुतो, धुतो," मास्तर म्हणाले. रोजच म्हणत. धूत मी असे.

इंझोरीले आमच्या मळ्याशेजारी ते एकटे राहत. गणित शिकवता शिकवता म्हातारे झालेले. लढाईत कागद महागला, तवा त्याइची नजर आमच्या काळ्या बैलावर गेली. म्हणे, "माह्या गणितात दर ठिकाणाले एक दिशा असते, याच्या अंगावर दर केसाले हाये तशी. मुंगी केसाकेसानं चालली, तर कुठं जाईन?"

"शेपटाचा फटका खाईन," मी म्हटलं.

हसले नाहीत. बैलाच्या कण्यावर बोट फिरवून म्हणाले, "या रेघेवर लागली, की हिच्यावरच राहते. बाकीच्या वाटा हिले ओलांडत नाहीत. अशा रेघा पुरेशा सापडल्या, की साऱ्या वाटा उलगडतात." केसाचा भोवरा आला, की मात्र त्याइचा चेहरा उतरे. तिथं दिशाच नसते म्हणे.

एकदा मी त्याइले बैलबाजारात नेलं. तिथं गिऱ्हाईक भोवरे पाहून बैल शुभ का अशुभ ते ठरवते. मास्तर एका बैलाच्या भोवऱ्यावर चष्मा टेकवून म्हणाले, "लई वाईट. याच्यातून सुटका दिसत नाही." गिऱ्हाईक पळालं. मालक चाबूक घेऊन मास्तरामागं. हे पळता पळता त्याले समजावून राह्यले, की खोट बैलात नाही, गणितात हाये.

बायको ते ऐकून पोट धरून हसली. रोज दोन भाकरी अन् वरून शिव्या, असा तिचा रतीब होता. मास्तरावर डाफरायले साऱ्या गावात तेच एक माणूस होतं.

दुसरी रेघ सापडली त्याच संध्याकाळी भाकर थापता थापता ती चुलीपाशी कलंडली. उठली नाही.

सकाळी तिले पोचवून मी घरी आलो. मास्तर मसनात दिसले नव्हते; मले राग आला होता. गोठ्यात पाहतो तर बैल ओलाचिंब. अंगावर एक रेघ नाही. मास्तर गवताचा बोळा घेऊन उभे, धोतर चिखलानं भरलेलं.

"रेघ उतरवून घेतली का?" मी इचारलं.

त्याइनं मान हालवली. नाही.

मंग सैंपाकघराच्या दारापाशी गेले. टोपी काढली. थंड चुलीकडं पाहून म्हणाले, "धुतला, वैनी."