डोळे मिटून केलेली खरेदी

"खरेदी कशी करायची ते मला कुणी शिकवू नये!" मापकाका बुटाची नाडी आवळत म्हणाले. "वस्तू अंगावर चढवायची, चार पावलं चालून बघायची, मगच घ्यायची. मग तो बूट असो नाहीतर गाणी वाजवणारा प्लेअर असो. नियम एकच!"

मापकाका बुटांच्या दुकानात कामाला होते. पाय नुसता बघून माप सांगायचे, म्हणून सगळे त्यांना मापकाका म्हणत. खरं नाव त्यांच्या मालकालाही चटकन आठवलं नसतं. गिऱ्हाइकाने बूट घातला की काका त्याला दुकानभर फेऱ्या मारायला लावत. "चाला. अजून चाला. टाच काय म्हणते ते ऐका." टाच काय म्हणायचं ते म्हणो, दमून मटकन बसलेलं गिऱ्हाईक शेवटी "द्या बांधून" म्हणायचं.

काकांची ही फुशारकी ऐकत त्यांची मेहुणी दारात उभी होती. तिने कपाळाला हात लावला.

"भाऊजी, तुम्ही जाऊच नका. मी आणते."

"का म्हणून?"

"ताईला तुम्ही आजवर एक तरी वस्तू धड आणलीये का?"

घाव वर्मी बसला, कारण खरा होता. काकांनी बायकोला हातमोजे आणले, ते दोन्ही डाव्या हाताचे निघाले. गजराचं घड्याळ आणलं, ते गजर सोडून बाकी सगळे आवाज करायचं. आणि काकू होत्या छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या! पिशवीतून वस्तू पुरती बाहेर यायच्या आत त्यांना तिच्यातली चूक दिसायची. त्या रागवायच्या नाहीत हो. नुसतं "बरं" म्हणायच्या. ते "बरं" काकांना पुढे आठवडाभर नव्या बुटासारखं चावायचं.

पण आता गंमत राहिली नव्हती. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली होती. हलायचं नाही, वाकायचं नाही, आणि वाचायचं तर नावही काढायचं नाही! जिचा जन्म अक्षरांत गेला ती बाई छताकडे तोंड करून अंधारात पडली होती. सुरुवातीला त्यांनी थट्टा केली, मग त्या गप्प झाल्या. एकदा मोबाईलवर गाणं लावायला गेल्या, पण त्या गुळगुळीत काचेवर बोटाला काय कळणार? "कंटाळा आला रे देवा!" असं त्या उसासून म्हणाल्या, तर मोबाईलमधून छापखान्याच्या मालकांचा आवाज आला, "कशाचा?"

तेव्हा काकूंनी काकांचा हात चाचपून धरला होता. "अहो, बटणं असलेलं काहीतरी आणा ना. बोटांना कळेल असं. नाहीतर वेड लागेल मला."

बोलताना त्यांचा आवाज कापला. इतक्या वर्षांत काकांनी तो कधी कापताना ऐकला नव्हता. तिथेच त्यांनी मनाशी ठरवलं, की यावेळी चुकायचं नाही. काहीही होवो, यावेळी "बरं" ऐकायचं नाही!

दुकानात मिशीवाला सेल्समन होता. त्याने काचेवर प्लेअरची रांगच मांडली. काही साबणाच्या वडीएवढे होते, काही काडेपेटीएवढे.

"हा घ्या साहेब. हजारो गाणी मावतात यात."

"मावोत हो. बटणं कशी आहेत?"

"बटणं कशाला? याला नुसती काच आहे. एकदम नवीन!"

"काच नको. काचेने आमच्या घरी घात केलाय."

मग काकांनी डोळे घट्ट मिटले आणि ते एकेक प्लेअर हातात घ्यायला लागले. सेल्समन बघतच राहिला. एकाची बटणं मोहरीएवढी होती, काकांच्या एका बोटाखाली चारही दबली. दुसऱ्याची इतकी सपाट, की बटण कुठलं आणि खाच कुठली कळेना. असं करत करत एक वाटोळा प्लेअर हाताशी आला. वरचं बटण फुगलेलं, खालचं खोलगट, मधलं खरखरीत. अंगठा आपोआपच जागेवर जाऊन बसला. काकांनी दोन्ही कानांत इअरफोनची बोंडं खुपसली आणि खरखरीत बटण दाबलं.

आणि बासरी सुरू झाली.

काय सांगावं महाराजा! दुकान विरघळलं. सेल्समनची बडबड, रस्त्यावरचे हॉर्न, गुडघ्याची जुनी कळ, सगळं दूर दूर गेलं. मिटलेल्या पापण्यांआड आधी नारिंगी उजेड होता, मग त्याचा हळूहळू निळा झाला. काकांना वाटलं, आपण एका मोठ्या तळ्याकाठी उभे आहोत, पाणी हलत नाहीये, आणि पलीकडून काकू येताहेत. डोळ्यांवर पट्टी नाही, हातात प्रुफं नाहीत.

आता डोळे उघडून चालणार नव्हतं. काकूंना उघडता येत नव्हते, मग आपण कसे उघडायचे? परीक्षा म्हणजे परीक्षा! आणि नियमाप्रमाणे चालून तर बघायलाच हवं. काका चालू लागले.

सेल्समन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. दुकानाचं काचेचं दार माणूस आला की आपोआप सरकायचं. ते सरकलं. काकांच्या तोंडावर गार झुळूक आली. 'पंखे चांगले आहेत यांचे,' काकांना वाटलं. पायाखालची गुळगुळीत फरशी संपून खडबडीत काहीतरी लागलं. 'दुकानही बरंच मोठं दिसतंय!' बुटांतच आयुष्य गेलेल्या माणसाला तळव्याखालचा पदपथ ओळखू आला नाही, यावरून ती बासरी काय असेल बघा!

इतक्यात एका मऊ हाताने त्यांचा कोपर धरला. साबणाचा मंद वास आला. तो हात त्यांना अलगद पुढे घेऊन गेला, मध्येच थांबला, पुन्हा निघाला, मग हलकेच वर उचलल्यासारखं करून एका पायरीवर चढवून गेला. जाताना खांद्यावर थोपटलंसुद्धा. 'काय ही अदब!' काका भारावले. 'आमच्या दुकानात आम्ही गिऱ्हाइकाला नुसता बूट चढवतो. हे लोक हाताला धरून हिंडवतात!'

मग दुसरा हात आला, हाडकुळा. त्याने काकांना एका बाकावर बसवलं. 'बसून ऐकायचीही सोय!' त्याच हाताने त्यांच्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवला. 'वर खाऊसुद्धा!' काकांनी बिस्कीट तोंडात टाकलं. बासरी चालूच होती, तळं हलत नव्हतं, आणि काकू आता अगदी जवळ आल्या होत्या. आयुष्यात एवढं सुख काकांना याआधी कधी झालं असेल तर ते त्यांना आठवेना.

तोच कानातली वायर हिसकावली गेली!

"सापडलास! भर दिवसा प्लेअर घेऊन पळतोस?" मिशीवाला धापा टाकत उभा होता. पण काकांनी डोळे उघडायच्या आधीच दुसरा आवाज कडाडला.

"ए मिशाळ! आंधळ्या माणसाच्या कानातलं ओढतोस? लाज नाही वाटत?"

"आंधळा? कोण आंधळा? अहो आजोबा, हा माझ्या दुकानातून पळालाय!"

"पळालाय? बसलाय ना तो! पळालेला माणूस बसून बिस्किटं खातो का?"

"धरा रे त्याला!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि लोकांनी धरलं ते सेल्समनलाच. "गरिबाचा एवढाच विरंगुळा, तोही बघवत नाही मेल्याला!"

आता मात्र काकांनी डोळे उघडले. समोर रस्ता, बस, माणसांचं कडं, आणि काठी उगारलेले एक टक्कलवाले आजोबा. काका उठून उभे राहिले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "अरेच्चा! दुकान कुठे गेलं?"

गर्दीतल्या सगळ्या माना एकदम काकांकडे वळल्या.

"याला दिसतंय!" एक बाई किंचाळली.

"सोंग! सोंग घेतलंय मेल्यानं!"

"माझी बिस्किटं!" आजोबांनी काठीचा रोख बदलला. "मी माझ्या नातीसाठी घेतली होती!"

काकांनी पुडा पुढे केला. तो निम्म्याच्या वर रिकामा होता. त्याने प्रकरण आणखी चिघळलं. कुणी म्हणे पोलिसांना बोलवा, कुणी म्हणे आधी दोन ठेवून द्या. काका घाबरून घाईघाईने सांगू लागले, की बूट घेताना माणसाने आधी चालून बघितलं पाहिजे. त्यावर एकजण म्हणाला, "हा वेडाही आहे!"

शेवटी काकांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, माझी बायको अंधारात पडलीये! डोळ्यांवर पट्टी आहे तिच्या. तिला बोटांनी कळेल असंच काहीतरी हवंय. मी डोळे उघडे ठेवून आणलं, तर मला कसं कळणार तिला कळतंय की नाही? आजवर मी तिला एक वस्तू बरोबर आणलेली नाही हो... एकसुद्धा नाही..."

बोलता बोलता काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबांनी काठी खाली टेकवली. लोक एकमेकांकडे बघायला लागले, आणि मघाशी किंचाळलेल्या बाईंनी नाक ओढलं. सेल्समनने स्वतःला सोडवून घेतलं, सदरा सारखा केला आणि घसा साफ करून विचारलं, "साहेब, पण... पसंत पडला का?"

"पसंत? अगदी मापाचा आहे!"

"मग चला की दुकानात. हा नमुन्याचा आहे, तुम्हाला कोरा देतो. बंद खोक्यातला!"

काका घरी आले ते खोकं छातीशी धरून. मेहुणी पलंगाशेजारी बसली होती. काकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. प्लेअर काढला आणि काकूंच्या तळहातावर ठेवला.

काकूंची बोटं हळूहळू फिरली, थबकली, पुन्हा फिरली.

"हे फुगीर म्हणजे आवाज वाढवायचं. हे खोलगट म्हणजे कमी. आणि हे खरखरीत... सुरू करायचं!" पट्टीखालचा चेहरा उजळला. "अहो! कळतंय मला सगळं! कुणाला विचारावं लागत नाहीये!"

काकांना वाटलं, हाच तो क्षण, आता जग इथेच थांबावं. काकूंनी बोंडं कानात घातली, खरखरीत बटण दाबलं, वाट पाहिली, पुन्हा दाबलं.

"काही ऐकू येत नाही हो."

मेहुणीने प्लेअर उचलून पाहिला आणि परत काकूंच्या हातात दिला. "भाऊजी, यात गाणी भरलीत कुठे? गाणी आपण भरायची असतात! दुकानातल्यात ती नमुन्यापुरती असतात. माझ्याकडे कॉम्प्युटर आहे, रविवारी भरून देते."

काका खुर्चीत बसले ते पोतं टाकावं तसे. सगळं रामायण घडलं, आणि आणलं काय, तर मुकं यंत्र! आता "बरं" येणार म्हणून त्यांनी मान खाली घातली.

काकूंची बोटं प्लेअरच्या कडेवरून फिरत होती, तिथलं एक बारीक बटण चाळता चाळता दाबलं गेलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला एवढी धाप का लागलीये? काय झालं आज? सांगा बघू नीट."

आणि काकांनी सांगितलं. सांगताना थोडा रंगही चढला म्हणा! "डोळे घट्ट मिटलेले हं! मुंगीएवढीसुद्धा फट नाही! आणि अशात एका देवमाणसाने, निळ्या छत्रीवाल्या बाईने, मला हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. काय सांगू, चेहऱ्यावर नुसती माया!" मग आजोबा आले, काठी आली, बिस्किटं आली. काकू हसायला लागल्या. पलंग हलायला लागला. मेहुणी ओरडली, "ताई, हलू नकोस!" तर तीच हसून हसून खाली बसली.

गोष्ट संपली तेव्हा काकूंनी कडेचं ते बारीक बटण पुन्हा दाबलं. मग खरखरीत बटण दाबलं, आणि दचकून कानातलं एक बोंड काढून काकांच्या कानाला लावलं. आतून काकांचाच आवाज येत होता. 'डोळे घट्ट मिटलेले हं!'

"अगं, माझं सगळं बोलणं भरून घेतलं की यानं!"

"म्हणजे रिकामा नाहीये आता," काकू म्हणाल्या.

रविवारी मेहुणी प्लेअर न्यायला आली, तर काकूंनी दिला नाही. "गाणी काय, नंतरही भरता येतील." दिवसभर कानात तीच एक गोष्ट! काकांच्या मनात तर मोरपिसं फिरायला लागली. आपली बायको डोळ्यांवर पट्टी बांधून आपलाच आवाज ऐकत पडलेली असते, ही गोष्ट त्यांना बासरीहून गोड वाटे. दुकानात ते तरंगतच असत. एका धिप्पाड माणसाला त्यांनी चिमुकली सॅंडल चढवायचा प्रयत्न केला, तोही हसतमुखाने.

एका दुपारी ते लवकर घरी आले. काकू उशीला टेकून स्वस्थ पडल्या होत्या, ओठांवर मंद हसू. काका हलकेच पलंगाच्या कडेला बसले.

"माझंच ऐकतेस ना अजून?" त्यांनी लाजत लाजत विचारलं. "एवढं आवडलं?"

"फार आवडलं. आज नवव्यांदा ऐकलं." काकूंनी कानातली बोंडं काढली. "एक चूक सापडली."

"चूक?"

"डोळे घट्ट मिटलेले होते म्हणता. मुंगीएवढीही फट नव्हती म्हणता. मग त्या बाईंची छत्री निळी होती हे कळलं कसं? आणि चेहऱ्यावरची माया कुणी दाखवली तुम्हाला?"

काका पलंगाच्या कडेवरून घसरता घसरता वाचले. आता वाचकहो, आमचीही पंचाईत झाली! डोळे मिटलेले होते हे आम्ही काकांच्याच भरवशावर तुम्हाला शपथेवर सांगून बसलो होतो.

"अगं, ते... पायरी चढताना... एवढंसं... आपलं उगीच, पडू नये म्हणून..."

"थांबा!" काकूंनी हात वर केला. त्यांचं बोट कडेच्या बारीक बटणावर गेलं. प्लेअरवर लाल ठिपका पेटला.

"हं, करा सुरू पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "सुधारित आवृत्ती!"