निळं फाटक

मुलीला मागणी घालायला जायचं तर फिएस्टाच्या दिवशीच! ही माझी योजना ऐकून आमची बायको कोरिंग नुसती बघत राहिली. बघणारच! गावच्या संताचा सण, घरोघर टेबलं वाकतील एवढं जेवण, मुलीचा बाप दोन ग्लास घेऊन आधीच खूष. अशा माणसाच्या तोंडून ‘नाही’ निघतंच कसं ते मला बघायचं होतं.

आमचा रोमेल मात्र काळजीत. मारिविकवर त्याचा जीव जडलेला, आणि तिचे वडील म्हणे फार मानी.

“बाबा, कोळशावरचं डुक्कर भाजून झालं की मी ते घेऊन मागून येतो. चर्च ओलांडलं की निळं फाटक. कुणाला तरी विचारा हं!”

“विचारायला मी काय कुकुलं बाळ आहे?” मी म्हटलं.

चर्च ओलांडलं आणि बघतो तर काय, अख्खी गल्ली निळी! सणासाठी सगळ्यांनी मिळून रंगाचं एकच पिंप आणलं होतं. कोरिंग म्हणाली, “अहो, विचारा ना.” तेवढ्यात पहिल्याच फाटकातून एक ढेरपोटे गृहस्थ ओरडले, “या, या! जेवायला या!”

“बघ! लांबूनच ओळखलं!” मी कॉलर ताठ केली.

आता फिएस्टाला आमच्याकडे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला असंच बोलावतात. आत आलेल्याला ‘आपण कोण?’ विचारणं म्हणजे त्याच्या हातातली ताटली काढून घेण्यासारखं. त्यामुळे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तेबान त्यांचं नाव. शेवया झाल्या, बैलाच्या शेपटीचा रस्सा झाला, गोड चिकट भात झाला. मग मी भरतकामाचा बारोंग सदरा सारखा करून उभा राहिलो.

“तेबान, आमचा मुलगा तुमच्या मुलीसाठी वेडा झालाय. तिला आमच्या घरात द्या!”

सगळ्यांचे चमचे थांबले. तेबानच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी!

“पुरिंग! अगं पुरिंग, बाहेर ये! तुला मागणी आलीय गं!”

पुरिंग? असेल घरातलं लाडाचं नाव. आमच्यात कागदावरचं नाव हाक मारायला वापरतो कोण? स्वयंपाकघरातून पळी घेऊन चाळिशी उलटलेली एक धिप्पाड बाई आली. कोरिंगने मला असा चिमटा काढला की बारोंगची शिवण उसवली.

“अहो, ही ती नव्हे!”

“गप गं! आपण तिला फोनच्या पडद्यावरच पाहिलंय, तिथे ती मांजराच्या कानांचा फिल्टर लावून बोलते. त्यात वय कळतं का?”

मनातून मी हादरलो होतोच. पण पोराचं प्रेम! मी मन मोठं केलं.

“मुलगा कोण?” पुरिंगने विचारलं. मी विनोद समजून खो खो हसलो आणि रोमेलचा फोटो पुढे केला. तिने चष्मा लावून पाहिला.

“हा? ह्याला अजून शाळेत सोडायला जावं लागेल. मला नाही पसंत!”

माझं डोकंच फिरलं! “काय कमी आहे हो माझ्या पोरात? नोकरी आहे, दात सगळे स्वतःचे आहेत!”

“पुरिंग, जरा विचार कर,” तेबान काकुळतीला आले. “असं स्थळ पुन्हा यायचं नाही!”

“कान बघा त्याचे! वाऱ्याने उडेल!”

“कान माझ्यावर गेलेत!” मी टेबलावर मूठ आपटली. “आज होकार घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही!”

तेवढ्यात फोन वाजला. रोमेल रडकुंडीला येऊन सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने ओरडत होता. “बाबा, आहात कुठे? मी कधीचा मारिविकच्या घरी बसलोय!”

मी सावकाश पुरिंगकडे पाहिलं.

“मारिविक ना? मागच्या गल्लीत,” ती म्हणाली. “आत्ता कळलं! तरी म्हटलं, मला हे असलं बाळ कुठून सांगून आलं!” तेबान मात्र हुंदके देत फाटकापर्यंत सोडायला आले, बरोबर बांधून भातही दिला. त्या माणसाकडे बघून मला खरंच वाईट वाटलं.

मागच्या गल्लीतही फाटक निळंच. रोमेलचं तोंड उतरलेलं, मारिविकचे डोळे सुजलेले, आणि मध्ये भाजलेल्या डुकराचं नुसतं मुंडकं. बाकीचं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी संपवलं होतं.

मारिविकचे वडील सेल्सो हाताची घडी घालून उभे. “तुमचं डुक्कर वेळेवर आलं, कुया पोरोंग. तुम्ही नाही आलात.” कुया म्हणजे दादा, पण त्यांचा सूर काही दादाला बोलायचा नव्हता.

“जरा रस्ता—”

“कानावर आलंय. शेजारी जमलं नाही म्हणून आमच्याकडे आलात!”

गल्लीत बातमीला पाय नसतात, चाकं असतात. रोमेलने माझ्याकडे असं पाहिलं की जमिनीत शिरावंसं वाटलं.

कोरिंग पुढे झाली. “भाऊ, ह्यांचं सोडा. हे असेच आहेत, मी एवढी वर्षं निभावतेच आहे ना? तुमच्या पोरीला माझ्याजवळ असलं काही सोसावं लागणार नाही. मागणी मी घालते.”

सेल्सो हसले. “वहिनी, तुम्ही आत या. बसून बोलू. कुया पोरोंग, तुम्ही जेवून घ्या!”

समोर काठोकाठ ताटली आली. नाही म्हणायची सोय होती का? मी जेवलो. पुन्हा वाढलं, पुन्हा जेवलो. आत सगळे हसत होते, बाहेर माझ्या बारोंगची उरलेली शिवण उसवत होती. मग मी त्यांच्या संडासात गेलो तो बराच वेळ तिथेच.

लग्नाची तारीख मला परतताना रिक्षावाल्याने सांगितली. बोलणी चालली तेव्हा तोही आत जेवायला बसला होता म्हणे!