फुलांची डबल ड्यूटी

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं, की अख्खा मांडव नवरा-नवरीकडे बघतो. आमचे साडू तेव्हा मांडवाच्या छताकडे बघत असत. अंतरपाट सरकला, वाजंत्री वाजली, लोक पंगत धरायला पळाले, की एकच माणूस गर्दीच्या उलट्या दिशेनं निघे आणि शिडीवर चढे. पहिल्या पंगतीला वरण पोचेपर्यंत झेंडूची तोरणं, निशिगंधाच्या माळा, खांबांचे हार, सगळं खाली उतरलेलं असे.

कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं. "फूल अजून पेन्शनीत निघालं न्हाई. सकाळी लगीन, सांजच्याला रिसेप्शन. डबल ड्यूटी!"

साडू सैन्यातून सुभेदार होऊन परत आले होते. पलूसजवळ त्यांचा ऊस होता आणि सबंध सासरवाडीत त्यांना नुसतं 'सुभेदार' म्हणत. त्या वर्षांत आमच्या भागात रिसेप्शनचं खूळ नवीनच आलं होतं. दोन लाल खुर्च्या, मागं पडदा, पाहुण्यांच्या हातात आइस्क्रीमचा कप. खुर्च्यांभोवती फुलं हवीत आणि सकाळच्या खर्चानं वधूपित्याचा जीव मेटाकुटीला आलेला. अशा वेळी सुभेदार म्हणजे देवमाणूसच.

उतरवलेल्या फुलांची ते रीतसर तपासणी करत. ताजी ती 'फिट'. पाणी मारून सुधारतील ती 'सिक रिपोर्ट'. पाकळ्या गळालेली नवरीच्या वाटेवर पसरायला. मग ओल्या फडक्यांत गुंडाळून सगळी टोपल्यांत, आणि टोपल्या दोरानं विहिरीत, पाण्याच्या वर हातभर, गारव्याला. एकदा नवरीच्या आत्यानं चुकून तोच दोर ओढला. कळशीऐवजी झेंडूची टोपली वर आली, तर बाई घाबरून हात जोडून उभ्या राहिल्या.

माणसाच्या अंगावरची फुलंही सुटत नसत. एका लग्नात नवऱ्याचे आजोबा गळ्यात भला मोठा हार मिरवत बसले होते. सुभेदार अदबीनं वाकले. "मालक, तुमी बसा. हार तेवढा माझ्याकडं द्या. घामानं खराब व्हतोय."

आजोबांनी दिला! मला त्याचाच राग येई. मी एखाद्याकडे पानाचा चुना मागितला, तर तो आधी माझ्याकडे वरून खालपर्यंत बघतो.

आता आडपडदा कशाला? हा माणूस मला सहन होत नसे. मी त्या घरचा थोरला जावई. सातारच्या कचेरीत हेडक्लार्क. सुभेदार येईपर्यंत पहिला पाट माझा, पुरणपोळीवर तुपाची पहिली धार माझी. ते आले आणि सासूबाई दारातूनच विचारू लागल्या, "धाकटे जावई न्हाई आले व्हय?" मी समोर उभा असताना!

आमची ही तर त्यांच्या नावानं मला टोचायची. "सुभेदारांसारखं एक तरी काम येतं का तुम्हाला?"

येतं हे दाखवायला मी चुलतभावाच्या लग्नात फुलं सांभाळायचा पुढाकार घेतला. विहीर नव्हती, म्हणून सगळी एका लोखंडी ट्रंकेत भरली आणि गार राहावीत म्हणून वर दोन बादल्या पाणी ओतलं. ट्रंक उन्हात होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी झाकण उघडलं, तर वरमाईनं पदर नाकाला लावला. सगळ्या नातेवाइकांनी एका सुरात उसासा टाकला, "सुभेदार पाहिजे होते."

पण खरी जळजळ वेगळीच होती. सुभेदारांना मूलबाळ नव्हतं आणि माझी नंदा दर मे महिन्यात मावशीकडे राहायला जायची. परत आली, की आठवडाभर तोंडात एकच जप. काका मोटेवर गाणं म्हणतात. काकांनी मला बैल हाकायला दिले. काकांना फुलाच्या देठावरून ते किती टिकेल ते कळतं. मी तिला दिवसभराच्या फायलींच्या गोष्टी सांगायचो. ती जांभई द्यायची.

चौऱ्याहत्तर साली नंदाचं लग्न सांगलीच्या एका वकिलांच्या मुलाशी ठरलं. लग्न साताऱ्याला, आमच्या दारात. रिसेप्शन दुसऱ्या दिवशी सांगलीला, व्याह्यांच्या बंगल्यापुढं. बैठकीत व्याही म्हणाले, "सजावट तेवढी तुमच्याकडे." मी काही बोलायच्या आत आतून नंदाचा आवाज आला, "काका करतील की!"

बाप समोर बसलेला, आणि काका करतील!

मी ठरवलं, या लग्नात बापच करणार. आणि शिळी फुलं तर नाहीच नाही. मिरजेच्या एका फुलवाल्याला मी पत्र लिहिलं. सुभेदारांनी जन्मात केलं नसेल असं काहीतरी हवं होतं. म्हणून मागवली ती दोन भव्य गोल चक्रं, ताज्या गुलाबांची, माणसाच्या छातीएवढी, तीन पायांच्या तिकाटण्यावर उभी राहतील अशी. एक नवऱ्यामागं, एक नवरीमागं.

सुभेदार आदल्या दिवशी आले, तेव्हा मी दारातच सांगून टाकलं, "सुभेदार, या खेपेला मांडवातली फुलं रिसेप्शनला लावायची नाहीत. नवीन मागवलीत."

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "बरं, दादा."

लग्न झालं. अक्षता पडल्या आणि मी चोरून शिडीकडे बघितलं. सुभेदार पंगतीत वाढत होते. मला इतका आनंद झाला, की मी दोन जिलब्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलता सांगलीला पोचलो. फुलवाल्याचा माणूस चक्रं मांडून गेलेला होता. मी ऐटीत सुभेदारांना पुढं घेऊन गेलो. "बघा!"

सुभेदार स्टेजपुढं आले. त्यांनी चक्रांकडे पाहिलं आणि त्यांच्या टाचा आपोआप जुळल्या. पाठ ताठ झाली. मान खाली गेली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. छातीएवढं गोल चक्र, तिकाटण्यावर उभं! त्या फुलवाल्याला माझ्या पत्रातून एकच वस्तू कळली होती आणि ती त्यानं मन लावून बनवली होती. दोन लाल खुर्च्या, आणि दोन्हींमागं एकेक पुष्पचक्र. माझी नंदा आणि तिचा नवरा तासाभरात त्यांच्यापुढं बसणार होते.

"दादा," सुभेदार हळूच म्हणाले, "कोन गेलं?"

"काढा!" मी ओरडलो. "वकीलसाहेब यायच्या आत काढा!"

आम्ही दोघांनी ती चक्रं बंगल्यामागं गोठ्यात नेऊन ठेवली. म्हशीनं एकाचा वास घेतला. मी गोठ्याच्या उंबऱ्यावर डोकं धरून बसलो. स्टेज उघडं. बाजार बंद व्हायची वेळ. व्याह्यांच्या घरी मुलीचा पहिला दिवस, आणि बापानं एक काम अंगावर घेतलं होतं, ते असं.

सुभेदार उकिडवे बसले. "दादा, एक इचारू? रागावणार न्हाई न्हवं?"

"विचारा."

"मांडवातली फुलं आनल्यात मी. गाडीच्या टपावर, वल्या पोत्यात. रातभर तुमच्याच आडात व्हती."

"मी नको म्हणालो होतो ना?"

"लावू नको म्हनला. आनू नको न्हाई म्हनला." ते खाली बघत बोलत होते. "हुकूम मोडला न्हाई, दादा. तुमी सांगितल्याबिगर लावली नसती."

मी मान हलवली.

पोती सोडली, तर फुलं टवटवीत! निशिगंधाचा वास आला आणि मला एकदम आमचं अंगण दिसलं. मी विचारलं, "सुभेदार, मी नको म्हटलं होतं. मग एवढा आटापिटा कशाला केलात? पैसे तर मी आधीच मोजले होते."

"पैशाचं काय न्हाई ओ. कुनी पैसे वाचतील म्हनून मला बलिवत्यात, मी बी तसंच म्हनतो." त्यांनी एका माळेची गाठ सोडवायला घेतली. "तुमची मेव्हणी आमच्या घरात आली, तवा तिच्या वळखीचं तिथं कोन व्हतं? मी तर लगीन झाल्यावर चौथ्या दिशी पलटणीत गेलो. पुढं आईनं सांगितलं, मांडवातलं एक झेंडूचं फूल पोरीनं पदराला बांधून आनलं व्हतं. सुकून काळं पडलं, तरी टाकंना. तवाच म्हनलं, पोरगी जिथं जाऊन बसंल, तिथं माह्यारची फुलं आदी पोचली पायजेत. आपुन काय तिच्याजवळ बसू शकत न्हाई."

मी एक पोतं उचललं.

स्टेजपाशी आलो. त्यांनी स्टूल मांडलं, स्वतः खाली उभे राहिले आणि पहिली माळ माझ्या हातात दिली. "चढा. बाप तुमी हाय."

मी चढलो. मला गाठ मारता येत नव्हती. माळ एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. ते खालून धीर देत होते, "असू द्या, वाकडी ऱ्हाऊ द्या." शेवटी नंदाच्या खुर्चीची डावी बाजू कशीबशी झाली.

"दादा," ते म्हणाले, "पोर सासरी जाताना बापाला आत काय व्हतं ओ? मला काय ते कळायचं न्हाई. म्हनून इचारलं."

मी खाली बघितलं. हा माणूस माझ्या मुलीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळलो, तो माणूस इतकी वर्षं माझ्याकडे कसा बघत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

मी स्टुलावरून उतरलो. उजव्या बाजूची माळ उचलून त्यांच्या हातात दिली.

"चढा," मी म्हणालो. "ही बाजू तुमची."

ते चढले. माझ्याकडे पाठ होती. सगळ्या जिल्ह्याचे मांडव हां हां म्हणता उतरवणारा तो माणूस त्या एका माळेला किती वेळ गाठ मारत होता, कोण जाणे. मी स्टूल धरून उभा राहिलो. घाई करा म्हणालो नाही.